विहिरीपासून दहा पावलं

"थांब तितंच. टेप मामाकडं दे."

विहिरीचे मालक अण्णा एवढंच बोलले. आवाज चढवला न्हाय, शिवी दिली न्हाय. मी विहिरीच्या कठड्याजवळ वाकले होते, पाणी मोजायच्या टेपची गुंडाळी सोडवत होते. कामाचा माझा पहिलाच आठवडा. गळ्यात संस्थेचं ओळखपत्र, अंगात संस्थेचं निळं जाकीट. पाठीवर कुठल्या कुठल्या देशात काम करणाऱ्या त्या संस्थेचं नाव. आदल्या मिनिटाला अण्णांनी विचारलं होतं, कुणाची गं तू. मी बापाचं नाव सांगितलं. त्यांच्या तोंडावरचं हसू तिथंच उतरलं. म्हणाले, ह्या पाण्यानं आमचा देव न्हातो.

मामा म्हणजे अण्णांचा मेव्हणा. पन्नाशीचा माणूस, त्यांच्याच मळ्यात राहायचा. त्यानं माझ्या हातातला टेप घेतला आन आधी बादलीत बुचकळला. चांगला दोनदा. मग विहिरीत सोडला. मला दहा पावलं मागं चिंचेखाली उभं केलं. विहिरीवरनं त्यानं आकडा ओरडून सांगायचा आन मी वहीत लिहायचा.

तोच टेप मी सकाळी दुसऱ्या चार गावच्या विहिरीत सोडून आले होते. बादलीत बुचकळून त्याचं काय धुतलं गेलं, मला अजून कळलं न्हाय. मी मात्र धुऊन निघाले. कान तापले. कृषी पदविका पहिल्या वर्गात पास झालेली बाई मी, आन चिंचेखाली उभी राहून आकडा लिहून घेतला.

रात्रीच सरांना फोन लावला. सर पुण्याचे, आमच्या भागातल्या कामाचे मुख्य. माणूस वाईट न्हाय. शांतपणे ऐकून घेतलं आन म्हणाले, "आपण तिथं समाज बदलायला गेलेलो नाही, पाणी मोजायला गेलोय. थोडं सांभाळून घे." मी सांभाळून घेतलं. अकरा महिन्यांचा करार होता, पुन्हा करायचा का न्हाय ते सरांच्या सहीवर. घरात कमावणारी मी एकटी. आता ही कारणं सांगताना मला माझीच किळस येते.

लोहारा तालुक्यातलं आमचं गाव. अण्णांच्या मळ्याच्या खाली ओढा, ओढ्याच्या काठाला आमची वस्ती. वस्तीला एक विहीर. संक्रांत झाली की तिचा तळ दिसतो. मग बाया घागरी घेऊन कुठं कुठं फिरतात, कुणाकुणाचं ऐकून घेतात, ते लिहायला बसले तर वही पुरायची न्हाय. संस्थेनं सांगितलं होतं, दोन वर्षं पाणी मोजायचं. ज्या गावचं पाणी उन्हाळ्यात जास्त खाली जाईल, त्या गावच्या ओढ्यावर बंधारा. मोजायच्या विहिरी फक्त बागायतीच्या. म्हणून आमच्या गावची एकच विहीर यादीत, अण्णांची. वस्तीचं पाणी अण्णांच्या विहिरीवरनं ठरणार होतं. आईला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, मग तर बरंच झालं, लेकच मोजायला हाय.

लेक मोजत होती कुठं? लेक चिंचेखाली उभी होती.

टेपच्या टोकाला वजन असतं. ते पाण्याला टेकलं की बारीक शिटी वाजते. बाकीच्या विहिरींवर तो आवाज माझ्या कानात बसलेला. पहिल्या उन्हाळ्यात एक दिवस अण्णांच्या विहिरीवर शिटी वाजलीच न्हाय, आन मामानं आकडा सांगितला. मागच्या खेपेचाच आकडा. मी म्हणाले, मामा, शिटी न्हाय वाजली. त्यानं तंबाखू मळत माझ्याकडं बघितलं.

"येकदा मोजलं काय आन धा डाव मोजलं काय. पानी कुठं पळून चाललंय? लिव्ह."

त्याला वाकायचा कंटाळा होता, दुसरं काही न्हाय. कपट बिपट न्हाय. त्याला ठाऊक होतं, ही बाई कठड्याजवळ येऊन बघू शकत न्हाय. आन मी लिहिलं. पंधरा दिवसांनी तेच. पुन्हा तेच. अण्णांची मोटार अर्ध्या तासात पाणी संपून हवा ओढायला लागली होती, मला चिंचेखाली ऐकू यायचं. तरी माझ्या वहीत विहीर भरलेली. प्रत्येक पानाखाली माझी सही. दोन उन्हाळे.

मग धाराशिवला मोठी बैठक झाली. गार हवेचा हॉल, गावोगावचे शेतकरी, परदेशातून आलेल्या मोठ्या मॅडम, त्यांचं बोलणं मराठीत सांगायला एक दुभाष्या. पडद्यावर गावांच्या रेघा. सगळ्या रेघा उन्हाळ्यात खाली कोसळत होत्या. आमच्या गावची तेवढी सरळ. मॅडम कौतुकानं म्हणाल्या, या गावाकडून इतरांनी शिकावं. बंधाऱ्यासाठी निवडलेल्या गावांची नावं वाचली. आमचं नव्हतं. आन त्यावर कळस म्हणजे, पाण्याचं उत्तम नियोजन केलं म्हणून अण्णांचा सत्कार ठरला होता.

सत्काराचं ताट सरांनी माझ्या हातात दिलं. शाल, नारळ, हार. वस्तीवरची सगळी तोंडं डोळ्यांपुढं आली. आई, चुलती, डोक्यावर घागर घेऊन बाभळीच्या वाटेनं येणारी गरोदर चुलतबहीण. ह्यांचं पाणी कुणी पळवलं? मामानं न्हाय नुसतं. ज्या हातानं मी ताट धरलं होतं, त्या हातानं पळवलं.

मी ताट टेबलावर ठेवलं.

"हे आकडे खोटे आहेत. या विहिरीत मी दोन वर्षांत एकदाही टेप सोडला नाही. मला सोडू दिला नाही. मी वस्तीवरची आहे म्हणून."

अण्णांनी मान खाली घातली न्हाय, माझ्याकडं रोखून बघत राहिले. मॅडमनी दुभाष्याकडं बघितलं. त्यानं सांगितलं, मोजणीत काही तांत्रिक अडचण आली असं ही म्हणते. तेवढं इंग्रजी मला कळतं. मग मीच इंग्रजीत सांगितलं. मोडकं, पण जात ह्या शब्दासकट सांगितलं. मॅडमचा चेहरा उतरला. हे फार गंभीर आहे म्हणाल्या, वहीत काहीतरी लिहून घेतलं. नंतर सगळे जेवायला गेले.

आता तुम्हाला वाटेल, वस्तीला बंधारा मिळाला असंल. न्हाय मिळाला. आठ दिवसांत पत्र आलं. आकडे भरवशाचे न्हायत, म्हणून गावच प्रकल्पातून वगळलं. अण्णांनी वस्तीच्या बायांना मळ्यात खुरपायला बोलवायचं बंद केलं. बाया दारात येऊन मला बोलून गेल्या. आई चुलीपुढनं उठली न्हाय, माझ्याकडं न बघताच म्हणाली, "तुझं बोलून झालं. आमी पानी कुटनं आनावं?"

त्या दिवशी मी जेवले न्हाय, न्हाणीत तोंड दाबून रडले. वाटलं, गप बसले असते तर निदान खुरपणी तरी राहिली असती. असं वाटलं, हेही लपवत न्हाय.

परवा सर घरी आले. सोबत टाइप केलेला कागद. उपकरणात बिघाड झाल्यानं नोंदी चुकल्या, असं त्यात लिहिलेलं. खाली माझ्या सहीची जागा. सही केली तर करार पुढं चालू, म्हणाले. आईनं माझ्याकडं बघितलं. सही कर, असं तिच्या नजरेत होतं, आन ते मला सगळ्यात जड गेलं.

मी कागद सरांना परत दिला. मी म्हणाले, "उपकरण ठीक होतं, सर."

सर गेले. काम गेलं. सोमवारी मी लोहाऱ्याला पोलीस ठाण्यात जाणार आहे. जातीवरनं विहिरीला शिवू दिलं न्हाय, असा अर्ज लिहून झालाय, माझ्या अक्षरात. त्यात अण्णांचं नाव आहे, मामाचं आहे. सांभाळून घे म्हणणाऱ्या सरांचं आहे. आन दोन वर्षं चिंचेखाली उभं राहून खोटं लिहिणाऱ्या बाईचं नाव आहे, बापाच्या नावासकट, वस्तीच्या नावासकट. ते कुणी खोडा म्हणालं तरी खोडणार न्हाय.