एजाजभाईंचं नाक

हडपसरहून मांजरीकडे जाताना एजाजभाईंचं ट्रकचं गॅरेज लागतं. तिथल्या बाकावर बसून चहा पिणं हा माझा बावीस वर्षांचा उद्योग. कोणाच्या घरात काय शिजतंय, हे मला त्या घरातल्यांच्या आधी कळतं.

ट्रकच्या मागच्या डिफरन्शियलला, म्हणजे मागची चाकं फिरवणाऱ्या गिअरच्या डब्याला, कोणतं तेल घालायचं, हे एजाजभाई नाकानं ठरवत. बोल्ट काढायचा, करंगळी बुडवायची, हुंगायचं आणि निकाल द्यायचा. चिखलात एक चाक नुसतंच गरगरायला लागलं की दोन्ही चाकं जखडणारं डिफरन्शियल दोन तऱ्हेचं असतं. दात्यांचं असेल तर साधं जाड तेल पुरतं. चकत्यांचं असेल तर औषध घातलेलंच लागतं, नाहीतर चकत्या जळतात. त्या औषधाला कुजकट वास असतो. मी म्हणायचो, "भाई, या नाकाचा विमा उतरवा." ते खूश व्हायचे.

तीन वर्षांपूर्वी तापात ते नाक गेलं. हे मला त्यांच्या बायकोनं, आबेदाभाभींनी सांगितलं, म्हणजे मीच काढून घेतलं. डाळीचा कोळसा झाला आणि हे शेजारच्या खोलीत आरामात पेपर वाचतायत!

गॅरेजमध्ये मात्र कोणाला पत्ता नाही. करंगळी गिऱ्हाइकाच्याच नाकाखाली धरायची. "बघू, तुला काय कळतं?" तो सांगे, आणि हे मान डोलवत, "शिकलास!" मी कपात तोंड घालून हसायचो.

यंदा मांजरीचा संजय उसाचा ट्रक घेऊन आला. गाडी सेकंडहँड, डिफरन्शियलवरची पाटी घासून गेलेली. भाईंनी करंगळी पुढे केली.

"मला सर्दी हाय, भाई. तुमीच बघा. का कंपनीला फोन लावून इचारू?"

"माझं नाक असताना कंपनीला?"

भाईंनी हुंगलं. डोळे मिटले. मग चोरून माझ्याकडे पाहिलं. कुजकट वास बाकापर्यंत येत होता. मी गंमत बघत बसलो.

"साधं," ते म्हणाले, आणि साधंच भरलं.

पंधरा दिवसांनी ट्रक दुसऱ्या ट्रकनं ओढून आणला. भरल्या उसासकट शेतात अडकलेला, चकत्या जळून गेलेल्या. संजय ओरडला असता तर बरं झालं असतं.

"सर्दी मला होती, भाई," तो हळूच म्हणाला. "तुमाला काय झालतं?"

भाईंनी बोल्ट काढला. काळं तेल करंगळीवर घेऊन ते कितीतरी वेळ हुंगत राहिले. मग ती करंगळी माझ्यापुढे आली.

"काका, कसला वास येतोय?"

"जळका."

"आणि त्या दिवशी?"

मी कपात बघत राहिलो. त्यांनी करंगळी फडक्याला पुसली.

"चहा संपला असेल तर उठा, काका."

आता मी समोरच्या टपरीवर बसतो. ट्रक गॅरेजवरून पुढे निघून जातात. भाई दिवसभर स्कूटरवाल्यांच्या चाकांत हवा भरतात. हवेला वास नसतो.