ताईचा मंदावणारा तारा

माझा नवरा तारांगणात ध्वनितंत्रज्ञ आहे आणि घरात उपद्रव. जेवताना पाय हलवतो, झोपेत बोटं. ताई, म्हणजे त्याची थोरली बहीण, त्याला लहानपणापासून चुळबुळ्याच म्हणते. तिनंच त्याला गच्चीवर उभं करून तारे ओळखायला शिकवलं. तो आयुष्यात एका जागी स्थिर राहिला असेल तर तेवढाच.

गेल्या वर्षी ताईची दृष्टी गेली. तेव्हापासून तिच्यासमोर आकाशाचं नाव काढायची सोय नव्हती. "वर्णनं नकोत मला," म्हणून ती उठून जायची.

यानं मग तारांगणात दृष्टिहीनांसाठी कार्यक्रम करायचं डोक्यात घेतलं. ताऱ्याचा उजेड मोजायचा आणि त्याचा सूर करायचा. तेज वाढलं की आवाज मोठा, घटलं की लहान. घरात दिवसभर तेच सूर. माझं डोकं उठलं. ताई आली नाही तर सगळं फुकट, हे तो बोलला नाही, पण नखं पार कुरतडून टाकली.

रंगीत तालमीला ताई आली, कपाळाला आठ्या घालूनच. त्यानं तिचा लाडका तारा लावला. जोडीदार तारा आड आला की मंदावणारा. घुमटभर सूर पसरला, गोड आणि एकसारखा. ताईनं बराच वेळ ऐकलं.

"हा माझा नाही," ती म्हणाली. "माझा मंदावतो." आणि काठी चाचपू लागली.

नवऱ्याचा चेहरा खर्रकन उतरला. आवाज कुठे पडला की बटण सरकवून सारखा करायचा, ही याची जन्माची सवय. ताऱ्याचं मंदावणंच यानं पुसून टाकलं होतं, आणि पत्ताही नाही! मला असा राग आला त्याचा. मी काठी उचलून मांडीवर घेतली.

"ताई, एकदा परत ऐका. मग खुशाल जा."

बटणांची पेटी पुढ्यात ओढून तो तिच्या शेजारीच बसला. मूळचा सूर लागला, हळूहळू पडू लागला, आणि याचा हात बटणाकडे निघालाच. खुर्ची करकरली असावी. ताईनं त्याचं मनगट धरलं.

"हात लावू नकोस, चुळबुळ्या."

"अगं, ऐकू येईनासा होईल."

"होऊ दे. येतो तो परत."

सूर इतका बारीक झाला की मला रडू आलं. मग सावकाश चढू लागला. ताईनं मनगट सोडलं नाही. मी मुद्दाम खाली वाकून पाहिलं, याचे पाय हलत नव्हते.