घेटुळीचं मूळ आणि वीस उंदीर

"माझ्या मुळाला उगीच नावं ठेवू नका, सायेब!"

"मी नाही ठेवत, बाई, उंदीर ठेवतायत! मूळ घेतलेल्यांची सूज उतरली आणि नुसत्या पाण्यावरच्यांचीही उतरली. मग मुळाने केलं काय?"

अशी फजिती वैऱ्याचीही होऊ नये! पण थांबा, आधी मी त्या प्रयोगशाळेत पोचले कशी ते ऐका.

पन्नास सालानंतरची गोष्ट. चिंचवडच्या माळावर एका डॉक्टरांनी ती नवीच थाटली होती. मी नदीकाठची घेटुळी खणून सुजेवर तिचं मूळ उगाळून द्यायची. आईची विद्या. पंचक्रोशीतला एकही गुडघा माझ्या सहाणेतून सुटला नव्हता! डॉक्टरांच्या ते कानावर गेलं. म्हणाले, "उंदरांवर तपासू. गुण आला तर बाटलीत भरू, वर तुमच्या आईचं नाव घालू."

झालं! मी तरंगायलाच लागले. मूळ उगाळता उगाळता दुपार मऊ होत जायची, काचेच्या नळ्यांत ऊन साठायचं आणि त्या उन्हात मला बाटल्याच बाटल्या दिसायच्या. अक्षरं मी किराण्याच्या पुड्यांवरून शिकलेली. पण आईचं नाव मिटल्या डोळ्यांनी वाचता यायचं.

दोन पिंजऱ्यांत वीस पांढरे उंदीर. सुई टोचून पाय सुजवलेले. डॉक्टर म्हणाले, "उजव्या दहांना मूळ, डाव्या दहांना नुसतं पाणी. का, ते सांगू?"

"काही नको. समजतं मला!" मी ठसक्यात म्हणाले. काय समजलं होतं? कपाळ!

उजवीकडे वाटी नेली की डावीकडचे जाळीला नाकं लावून बघत बसायचे. तुम्हीच सांगा, आपल्याकडे पंगतीत असा दुजाभाव कुणी करतं का? डॉक्टर चहाला गेले की मी डाव्यांनाही पाजायची. ते डोळे मिटून चाटायचे, मी डोळे मिटून बाटल्या बघायची. काय ते सुख!

आणि आता डॉक्टर वही मिटत म्हणत होते, "बाटली विसरा. तुमच्या आईचं औषध खोटं."

आई खोटी? तोवर मी जीभ आवरून धरली होती. इथे सुटली.

"त्या डाव्या धा जणांना बी मीच चोरून पाजलंय, सायेब, एका पंगतीत निम्म्यांना वाढून निम्म्यांना उपाशी ठेवायला मी काय तुमच्यासारखी शिकल्याली हाय व्हय?"