सासऱ्यांच्या अंत्यविधीसाठी केलेला केक

मंडळी, आज दुपारी माझ्या सासऱ्यांचा अंत्यविधी झाला. घरी येऊन लगेच तुम्हा सगळ्यांना ईमेल लिहितेय.

नवरा इथला, न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्चचा. इथे अंत्यविधीनंतर जमलेल्यांसाठी चहा-केक असतोच. सासूबाई परवा म्हणाल्या, "त्यांना आवडायचा तो तुझा संत्र्याचा केक करशील?" नाही कसं म्हणणार? पण माझ्या माहेरी सुतकात गोड करत नाहीत. लोणी-साखर फेटताना अपराधी वाटत होतं.

विधीनंतर हॉलमध्ये चहाच्या वेळी सासूबाईंनी एक तुकडा माझ्या हातात दिला. "त्यांच्या आठवणीसाठी एक घास खा, डिअर."

माझा हात तोंडापर्यंत जाईना. "आमच्यात आता गोड खात नाहीत," एवढंच बोलले. त्यांनी तुकडा परत घेतला आणि एकट्याच खिडकीपाशी जाऊन बसल्या.

तेव्हापासून चैन नाही. तुम्ही असतात तर खाल्ला असतात का?