हौशीचं दावं

मी मेडिकल दुकानवाला माणूस. ताईत बांधून ताप उतरला असं सांगणाऱ्याला मी आधी गोळी देतो, मग फुकटात भाषणही देतो. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच ओशाळल्यासारखं होतंय... तरी लिहितो.

आमच्या आखाडा बाळापूरला हिवाळ्याच्या शेवटी हाफ मॅरेथॉन झाली. डोंगरकडा गावाच्या रस्त्याने जायचं, अर्ध्यातून परत फिरायचं. निधी अंध मुलींच्या वसतिगृहासाठी. छत इतकं गळायचं, की पावसाळ्याआधी दुरुस्त झालं नाही तर मुलींची रवानगी घरी होणार होती. एका हळद व्यापाऱ्याने शब्द दिला — वसतिगृहातली एक तरी मुलगी पूर्ण पळाली, तर छताचा सगळा खर्च माझा.

ती मुलगी निकिता. जवळच्याच तांड्यावरची, बारावीला. शुगर निघाल्यापासून मी रोज पळतो, म्हणून तिची सोबत माझ्या गळ्यात पडली. दोरीचं एक टोक तिच्या हातात, दुसरं माझ्या. संयोजकांनी चांगला पट्टा दिला होता, पण निकिताला घरून मागवलेलं दावंच हवं होतं. हौशीचं — म्हणजे त्यांच्या गायीचं. लहानपणी हेच दावं धरून ती हौशीमागे रानात जायची आणि घरी यायची.

जाताना हळद शिजल्याचा वास आला, तशी ती म्हणाली, “काका, आमच्या तांड्याचा फाटा आला बगा! हौशी इथं कुणाचंच ऐकत न्हाई. वढून घरीच नेते.”

परतताना, फाटा अजून लांब असताना, माझ्या पोटरीत गोळा आला आणि मी रस्त्यावर आडवा झालो. दावं हातातून सुटलं. “निकिता, थांब!” मी ओरडलो, पण शेजारून ट्रक हॉर्न वाजवत गेला. ती पळतच राहिली.

आणि दावं खाली पडलं नाही... त्याचं सुटं टोक तिच्या पुढे, हवेत, ताणलेलं. पुढे कुणीही नव्हतं! खड्डा आला तसं दावं डावीकडे गेलं, मागोमाग तीही.

बाळापूरचे शिंपी मुनाफभाई त्या दिवशी मोटारसायकलवर पाणी वाटत होते. त्यांनी मला मागे बसवलं. मी हाक मारणार, तोच त्यांनी माझा हात दाबला.

“आवाज नका देऊ, दादा,” ते पुटपुटले. “कोन हाय ते अल्ला जाने. पन पोरीला बराबर घेऊन चाललंय.”

भीती वाटलीच, खोटं कशाला सांगू. पण मन भरूनही आलं होतं. तांड्याच्या फाट्यावर निकिता अडखळली. दावं सरळ बाळापूरकडेच ताणलेलं होतं. ती डोळे पुसत पुन्हा पळू लागली.

तिने शेवटची रेषा ओलांडली आणि दावं मातीत पडलं. टाळ्या, ढोल, छताची घोषणा... मी लंगडत तिच्या आईजवळ गेलो आणि पाहिलं ते सांगितलं. बाईंचा चेहराच उतरला. “हौशी दिवाळीतच गेली, दादा. पोरीला सांगितलं न्हाई. परीक्षा टाकून आली असती.”

वारा होता, मला चक्कर आली होती, असं सगळं म्हणून पाहिलं. पण मग मुनाफभाईंनाही तेच कसं दिसलं?

तेवढ्यात निकिता चाचपडत आमच्याजवळ आली. “याडी,” तिने आईला विचारलं, “हौशी गेली ना?”

“तुला कुणी सांगितलं?” आई रडायलाच लागली.

निकिताने दावं छातीशी धरलं. “काका पडले तवाच मला कळलं, दावं हौशीनं घेतलं. लई खुश झाले मी. पन फाट्याला ती वळलीच न्हाई, याडी. जिती असती तर मला घरीच नेलं असतं तिनं.”