खालून दिसलेली क्रेन

लेक दिवाळीला पुण्याहून घरी आली तेव्हा तिच्या बॅगेतली निम्मी जागा एका काळ्या पेटीनं खाल्ली होती. पेटीत हेडसेट होता, डोळ्यांवर चढवायचा. ती ज्या कंपनीत काम करते तिथं कारखान्यांच्या नव्या कामगारांसाठी शिकवण्याचे कार्यक्रम तयार करतात. हे यंत्र डोळ्यांवर चढवलं की माणूस घरबसल्या कारखान्यात उभा. वस्तू कंपनीची होती, सुट्टीत काम करायला म्हणून आणलेली. किंमत तिनं हळूच सांगितली आणि मी टेबलावरचा पाण्याचा जग उचलून ओट्यावर नेऊन ठेवला.

"आई, सुन ना," ती म्हणाली, "पाच-सात साल में हे सगळ्यांच्या घरी असेल. देखना तू."

"आपल्या घरी तं नाही येत हे," मी म्हटलं.

"महाग आहे म्हणून? सस्ता होईल ना. मोबाईल नाही झाला?"

महाग असल्याचं मला काही नव्हतं. आमच्या भिलाईत वस्तू घरोघरी कशी पोचते ते मी लहानपणापासून पाहिलेलं आहे. मरोदा वसाहतीतल्या क्वार्टरमध्ये आम्ही राहायचो तेव्हा आख्ख्या ओळीत एकच टीव्ही होता आणि रविवारी त्या घरातल्या लोकांनाच बसायला जागा उरत नसे. आमचा बर्फ शेजारच्या फ्रीजमध्ये जमायचा. आमचा फोन समोरच्यांकडे यायचा आणि समोरच्या काकू फाटकातून हाक मारायच्या. प्रत्येक वस्तू आधी दोन-चार वर्षं शेजारच्या घरी नांदायची, सगळ्यांच्या हाताखालून जायची, मग कधीतरी आमच्याकडे यायची. आता ही वस्तू शेजारच्यानं आणली तर मी तिथं जाऊन काय करणार? त्याच्या थोबाडाकडे बघत बसणार? हे सगळं मी लेकीला सुनावलं. मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला आहे, सुनावायला लागले की मला आवरत नाही.

तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आणि आबाजींना क्रेनपाशी नेऊ शकते का तुझी टीव्ही?"

मला कुठं पकडायचं, ते तिला बरोबर ठाऊक होतं.

माझे बाबा, म्हणजे तिचे आबाजी, भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये क्रेन चालवायचे. जिथं पोलाद वितळवतात त्या शॉपमध्ये, छपराला लागून धावणाऱ्या क्रेनच्या केबिनमध्ये बसून, उकळत्या धातूनं भरलेली भलीमोठी बादली इकडून तिकडे न्यायची. तिला ते लॅडल म्हणत. चौतीस वर्षं. निवृत्तीच्या दिवशी गेटपास जमा केला आणि त्यानंतर गेटच्या आत पाऊल टाकलं नाही. कोणालाच टाकता येत नाही, नियमच तसा आहे. क्वार्टर सोडून आम्ही हुडको कॉलनीत घर घेतलं. प्लांट इथून सायकलच्या अंतरावर आहे. बाबा गच्चीत खुर्ची टाकून त्या दिशेला बघत बसतात, आणि कोणी विचारलं तर ऊन घेतो म्हणतात.

आणि मी तर ते शॉप कधीच पाहिलं नाही. घरच्या माणसांना तिथं नेत नसत. शाळेची एक सहल प्लांटमध्ये गेली होती, नेमकं तेव्हाच मला गालगुंड झालं. बाबा कुठं जातात असं विचारलं की आई संध्याकाळी आभाळाकडे बोट दाखवायची. वितळलेल्या लोखंडातून निघालेली तापलेली मळी ओतली की मरोद्याचं आभाळ नारंगी व्हायचं. "तो पाह्य, तुहा बाबा तिथं हाय," ती म्हणायची. पुढं मोठेपणी बाबांनी सांगितलं की मळीचं खातंच वेगळं, त्यांचा तिच्याशी काही संबंध नव्हता. म्हणजे आख्खं बालपण मी चुकीच्या आभाळाकडे बघत काढलं होतं.

क्रेनच्या केबिनमध्ये खालचा आवाज पोचत नाही. म्हणून खालचा खलाशी, म्हणजे हुकाला ओझं अडकवणारा कामगार, हातानं खुणा करतो. बोट वर करून गोल फिरवलं की उचल. बोट खाली करून फिरवलं की उतरव. दोन्ही हात आडवे पसरले की जिथं असशील तिथं थांब. खूण दिसली की क्रेनवाला पायानं घंटा दाबतो. घंटा वाजली म्हणजे समजलं. घंटा वाजल्याशिवाय खालचा माणूस जागचा हलत नाही.

हे सगळं बाबांनी घरी आणलं होतं. त्यांचे कान लवकर गेले. आमचे आजोबाही ठार बहिरे होते, त्यामुळं दोष कोणाचा हे डॉक्टरलाही सांगता आलं नाही. घरात ओरडून ओरडून आईचा घसा बसायचा, तेव्हा तिनं खुणा शिकून घेतल्या. पोळी वाढायची तर ती ताटावर बोट खाली करून फिरवायची. बाबांच्या बोटात तांब्याची अंगठी असते, ती ते पाण्याच्या स्टीलच्या पेल्यावर आपटायचे. टन्. मग पोळी ताटात उतरायची. टन् झालं नाही तर आई पोळी हातात धरून तशीच उभी राहायची, पाहुणे बसलेले असले तरी. नागपूरच्या मावशीला वाटायचं की या घरात भांडण चालू आहे.

मलाही ते अंगवळणी पडलं होतं. बाबांना यायला उशीर झाला की मी फाटकावर चढून नारंगी आभाळाकडे हात करायची आणि बोट खाली फिरवायची. उतरवा. उतरवा. कान लावून घंटेची वाट पाहायची. पाच-सहा वर्षांची असेन. ती घंटा मला कधीच ऐकू आली नाही, पण बाबा थोड्या वेळानं सायकलवरून यायचेच, त्यामुळं पद्धत चालते असा माझा समज होता.

आई गेली त्याला आता चार वर्षं होतील. तेव्हापासून बाबांनी पेला वाजवणं सोडलं. मी बोट फिरवते, ते बघतात, पोळी घेतात. पेला बाजूला भरलेला असतो. सुरुवातीला मी आईसारखी पोळी धरून उभी राहिले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग हात लांब करून पोळी स्वतःच घेतली. मी पुन्हा तसं केलं नाही. पण दर जेवणाला माझे कान पेल्याकडे असतात. आईची आठवण येते ती फोटोपाशी नाही, ताट वाढताना येते, आणि बाबा माझ्यासमोर बसलेले असताना मला बाबांचीही आठवण येते.

तर लेकीनं क्रेनचं काढलं आणि मी विरघळले. कार्यक्रम आपल्या प्लांटचा नव्हता, कुठल्याशा दुसऱ्या कारखान्यासाठी केलेला. "पण लॅडल तीच, क्रेन तीच," ती म्हणाली. पाडव्याच्या सकाळी नाश्ता झाल्यावर बाबांना दिवाणाजवळच्या खुर्चीत बसवलं. केसांना तेल चोपडलेलं, म्हणून लेकीनं आधी त्यांच्या कपाळाला रुमाल बांधला. हेडसेटचा आवाज बंदच ठेवला, त्यांना तसाही उपयोग नव्हता. आत काय दिसतंय ते मोबाईलवरही बघता येतं म्हणे, पण नेट मिळेना. म्हणजे बघणारे एकटे बाबा, आणि आम्ही दोघी त्यांच्या नाकाखालच्या तेवढ्या चेहऱ्याकडे बघत बसलो. मी म्हटलं होतं ना, थोबाडाकडे.

पहिलं मिनिटभर ते हललेच नाहीत. मग दोन्ही हात पुढं आले आणि हवेत काहीतरी चाचपू लागले. डावा हात एका जागी, उजवा दुसऱ्या. मूठ वळली. लेकीनं माझा दंड धरला. ते हँडल शोधत होते.

मग ते बोलले, बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात. "मले खाली कावून उभं केलं?"

लेक माझ्याकडे पाहू लागली. कार्यक्रम नव्या कामगारांसाठी होता. नवा कामगार खाली जमिनीवर उभा राहतो, हे तिच्या कंपनीत कोणालाच चुकीचं वाटलं नव्हतं.

"मी खालचा मानूस नोहो," बाबा म्हणाले. "इथून काई दिसत नाई."

आणि ते उठले. हातानं चाचपून दिवाण शोधला, एक गुडघा टेकला, दुसरा टेकला आणि एक्क्याऐंशी वर्षांचे माझे बाबा दिवाणावर चढून उभे राहायला लागले. वर पंखा फिरत होता. "आबाजी, रुको!" लेक ओरडली. काय उपयोग? मी त्यांच्यासमोर जाऊन दोन्ही हात पसरले. थांब. अगदी नाकासमोर, चार बोटांवर. जन्मात पहिल्यांदा मी थांब म्हटलं आणि बाबा थांबले नाहीत. कान तर गेलेच होते, आता आम्ही त्यांचे डोळेही बांधले होते. त्यांच्याशी बोलायला माझ्याकडं काहीच उरलं नव्हतं.

मी त्यांचे गुडघे मिठीत धरले. लेकीनं धावत जाऊन पंखा बंद केला. बाबा दिवाणावर ताठ उभे, मान झुकवून खाली बघत. माझ्या मिठीत त्यांचे पाय जराही थरथरत नव्हते. खुर्चीतून उठताना रोज थरथरतात.

"हां," ते म्हणाले. "आता दिसून राहिलं."

किती वेळ गेला कोण जाणे. मला भीती वाटत होती आणि त्यांना उतरवावंसंही वाटत नव्हतं. शेवटी त्यांनी स्वतःच डोळ्यांवरचं काढलं. खाली बघतात तर मी त्यांच्या पायांना लटकलेली. ते मला धरून उतरले, दिवाणावर बसले, कपाळाचा रुमाल सोडून तोंड पुसलं, डोळेही पुसले. लेकीनं पेलाभर पाणी दिलं.

"क्रेन बराबर हाय," ते म्हणाले. "साखळ्या, हूक, सबन बराबर हाय. पन केबिनमदी कोनी नाई. तशीच चालून राहिली." थोडं पाणी पिऊन त्यांनी हेडसेट माझ्यापुढं केला. "तू पाह्य. तू नाई पाह्यलं कधी."

साठीला आलेल्या मुलीला त्यांनी हे असं सांगितलं, गालगुंडामुळं सहल चुकलेल्या मुलीला सांगावं तसं. मी चष्मा काढला आणि लेकीनं पट्टा आवळला.

मी खाली उभी होते. लांबच लांब शॉप, छप्पर इतकं उंच की आमच्या दुमजली शाळेसारख्या दोन शाळा त्यात एकावर एक मावल्या असत्या. धग नव्हती, वास नव्हता, आवाजही नव्हता. मनात आलं, शेवटच्या काही वर्षांत बाबांनाही ते असंच मुकं दिसत असेल. समोरून लॅडल आली, काठोकाठ पिवळी, एवढ्याशा हुकाला टांगलेली. मी खरोखर दोन पावलं मागं सरले आणि टेबलाला आपटले. मग मान वर केली. अगदी वर, छपराच्या खाली, ती केबिन होती. आमच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाएवढी असेल. काचा, आत एक खुर्ची. खुर्ची रिकामी.

तिथं बसून त्यांनी चौतीस वर्षं खाली पाहिलं होतं, आणि मी कुठंतरी भलत्याच आभाळाला हात करत होते. मला त्या खुर्चीत कोणीतरी हवं होतं. काळ्या केसांचा, खाकी कपड्यातला, डबा पायाशी ठेवलेला. इतकी महाग वस्तू, लेकीच्या कंपनीतली एवढी हुशार माणसं, साखळीची कडी न् कडी त्यांनी घातली होती, आणि हा एक माणूस घालायचा राहिला होता. उद्या ही वस्तू घरोघरी जाईल की नाही मला ठाऊक नाही. गेली तरी ती खुर्ची रिकामीच जाईल.

"आई, बस झालं? चक्कर येईल," लेक म्हणाली.

मी हात लांब केला, बोट खाली वळवलं आणि गोल फिरवलं. उतरवा. फाटकावर चढून करायची तसंच. केबिन पुढं सरकत राहिली. मी तरी बोट फिरवत राहिले. उतरवा. शिफ्ट संपली बाबा, आता उतरवा.

आणि माझ्या मागून, दिवाणावरून, पेल्यावर अंगठी आपटली.

टन्.