शांगोदेलेच्या वेण्या

शी! त्या शांगोदेलेचं नाव काढलं तरी तोंड कडू होतं. अन् त्याच्या वेण्या कोण घालत होतं? मीच! शांगो देव ज्याच्या अंगात येतो, त्या पुरुषाने बाईसारख्या वेण्या घालायच्या ही आमची रीत. त्याच्या बापाच्याही मीच घातल्या.

बाप खरा होता. बाटा ढोल कडाडला की त्याचे डोळे फिरायचे. मग तो कुणाचा मुलगा नाही की कुणाचा नवरा नाही, नुसता राजा शांगो. राजा कुणापुढे वाकत नाही. सख्खी आई त्याच्यापुढे मातीत गुडघे टेकायची अन् हा तिला ओळखायचासुद्धा नाही. पोराने बापाच्या वेण्या घेतल्या, मेंढ्याच्या मटणाचा पहिला वाटा घेतला. देव तेवढा घेतला नाही.

त्याचा थोरला भाऊ वारला. भावाची बायको आबेनी, बाजारात कंदाच्या पिठाची उकड, आमाला म्हणतो आम्ही तिला, रांधून विकते, पोरं जगवते. ह्याने तिला मागणी घातली. ती म्हणाली, "भाऊजी, घरातल्या दोघी बायकांना आधी पोटभर घाला."

मग उत्सवात, भर चौकात, लाल घागरा गरगर फिरवत हा तिच्यापुढे थांबला अन् घोगरा आवाज काढून म्हणाला, "ही बाई माझ्या घोड्याच्या घरी नांदेल. आजच!" देवाचा घोडा म्हणजे ज्याच्यावर देव स्वार होतो तो. म्हणजे हाच की मेला! अन् देवाला नाही म्हटलं तर घरावर वीज पडते. आबेनी मातीत गुडघ्यांवर बसलेली.

तेवढ्यात काठी टेकत तिचे वडील आले, म्हातारे आदिगुन. "कोण नेतोय रे माझ्या लेकीला?"

अन् शांगोदेले धाडकन पालथा! छाती मातीला, कपाळ मातीला. घरच्या सुनेचा बाप दिसला की आमचे पुरुष असंच लोटांगण घालतात. लहानपणापासून हाडात मुरलेलं ते, नेमकं तेव्हाच बाहेर आलं.

ढोल थांबला.

पुजारी ओरडला, "देवाने म्हातारपणाचा मान राखला! म्हणा, महाराजांचा विजय असो!" अन् अर्धा चौक म्हणाला की हो! थू तुमच्या जिंदगानीवर.

आबेनी मात्र उठली. गुडघ्यांची माती झटकली. "उठा भाऊजी, घागरा मळेल," म्हणाली अन् बापाचा हात धरून चालू लागली. वीजबीज काही पडली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हा निर्लज्ज माझ्यापुढे येऊन बसला. "मावशी, वेण्या सोडून नव्या घाल. काल काय झालं, मला काही आठवत नाही बघ. अंगात आलेल्याला कुठलं आठवायला?"

"मला आठवतंय ना," मी म्हटलं. अर्ध्या डोक्याच्या वेण्या सोडल्या, कंगवा कमरेला खोचला अन् उठले.

"अगं मावशी, अशी काय निघालीस? बाहेर ढोल लागलाय!"

"मग बोलाव की तुझ्या देवाला. तोच घालेल."